खराब अकरा मिनिटं

९ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी रोज घ्या आणि चिडचिड घरच्यांवर काढण्यापेक्षा वहीत काढा. म्हणून ही वही. द्वारका म्हणाली, "एकीनं भागायचं नाही, दोन आणा." बायको आहे, बोलणारच.

तर आजची चिडचिड. सकाळी सहालाच ठाण्यातून जमादार रामकिसन यांचा फोन. "राजूभाऊ, कॅमेरा घ्या. पिशोरच्या पुढं जायचंय." नव्या कायद्यानं झडती, जप्ती, सगळ्याचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. जमादार मोबाईलवर घेतात, पण ठाण्याच्या साहेबांना चित्र चांगलं लागतं, म्हणून टीव्ही सेंटर चौकातल्या या लग्नाच्या शूटिंगवाल्याला वर्दी येते. सहा महिन्यांत पंधरा-सोळा पंचनामे काढले असतील. पहिल्या पंचनाम्याला सवयीनं सुरुवातीला नावं फिरवली होती आणि शेवटी 'आभारी आहोत' टाकलं होतं. साहेबांनी ते काढून टाकायला लावलं आणि महिनाभर येईल त्याला सांगून हसले.

आजचं प्रकरण खुनाचं. बियाण्याच्या गोदामाचा मॅनेजर, डोक्यात लोखंडी टॉमी घालून मारला. टॉमी म्हणजे टायरवाल्याकडं असते ती जाड सळई. अटक केली ती गोदामाच्या वॉचमनला, कारभारी नाव, पन्नाशीचा माणूस. त्यानं म्हणे कबूल केलं की टॉमी कुठं लपवली ते दाखवतो. साहेब, जमादार, दोन पंच आणि मी, ते दाखवणं काढायला गेलो.

आणि त्यानं सगळा खोळंबा केला. जीपमधून उतरला, माझा कॅमेरा सुरू. सरळ विहिरीकडं गेला. विहिरीत वाकून पाहिलं. मग बांधावर गेला. मग परत आला आणि जमादारांकडं बघत म्हणाला, "साहेब, कुठं?" काय म्हणावं! दाखवायचं त्याला आहे आणि विचारतोय आम्हाला. अकरा मिनिटं मी खांद्यावर कॅमेरा घेऊन त्याच्या मागं ढेकळं तुडवतोय. थंडी अशी की दोन्ही पंच जीपमध्ये काचा वर करून बसलेले. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, हे खराब झालं. परत घेऊ. त्याला नीट समजावून सांगा आणि पंचांना पण खाली बोलवा, फ्रेममध्ये पाहिजेत." साहेब म्हणाले, "हे बरं सांगितलं."

दुसऱ्या वेळी छान झालं. उतरला, सरळ कडब्याच्या गंजीकडं गेला, हात घातला, टॉमी काढली. तीन मिनिटं. पंच दोन्ही बाजूला, ऊन समोरून. जमादारांनी मोबाईलवर पण घेतलं.

घरी आलो तर नळाला पाणी येऊन गेलेलं. आठव्या दिवशी येतं, तेही मी नसताना.

१३ जानेवारी, सोमवार

साहेबांना पेनड्राइव्ह दिला. खराब भाग काढून, फक्त चांगली तीन मिनिटं. खूश झाले. कार्ड मात्र मी पुसलेलं नाही. धंद्याचा नियम आहे, अल्बम पसंत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. नवरीचा मामा कुठल्या तरी फोटोत नसतोच आणि त्याचा फोन येतोच.

५ फेब्रुवारी, बुधवार

लग्नाच्या तिथी असून मधले चार दिवस मोकळे होते, म्हणून एका पिक्चरचं काम घेतलं. मोबाईलवर बघायचा पिक्चर, मुंबईची कंपनी, शूटिंग आपल्या शहरात. गोष्ट कटकारस्थानाची. एका खुनात गरीब माणूस अडकवतात आणि खालपासून वरपर्यंत सगळे मिळालेले असतात. मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर. मुख्य कॅमेरा स्वरदा मॅडमचा. बत्तीस-तेहतीस वर्षांची मुलगी, मूळची समर्थनगरची, आता मुंबईत. मला दादा म्हणते.

तिचं काम बघून डोकं फिरलं. जुन्या गिरणीच्या ऑफिसात पोलीस अधिकारी आणि पुढारी बोलतायत असा सीन. एवढा मोठा नट आणलाय. आणि मॅडमनी कॅमेरा लावला कुठं? रस्त्याच्या पलीकडं, पानटपरीच्या मागं! लांबचं भिंग लावून, खिडकीच्या गजांतून. नटाचा अर्धा चेहरा खांबामागं. मधूनच रिक्षा जाते, सगळंच झाकतं.

मी म्हणालो, "मॅडम, आत जागा आहे की. चेहरा दिसेना."

"दिसू नये म्हणूनच, दादा."

"मग नट कशाला घेतला?"

हसली. म्हणाली, "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण चोरून बघतोय. दोघं लांब दिसतात, पण आवाज कानाजवळ येतो. म्हणजे कुणीतरी ऐकतंय. आणि जे आपल्याला दाखवायचं नव्हतं ते आपण बघतोय."

मी एखाद्या लग्नात असा कॅमेरा लावला तर वरबाप टपरीवर येऊन मारील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज उलटं. अधिकाऱ्याची पत्रकार परिषद. आरोपी पकडला, हत्यार सापडलं, असं तो सांगतो. मॅडमनी कॅमेरा बरोबर समोर, मधोमध, उजेड सगळीकडं सारखा. मी म्हणालो, आता कसं माणसासारखं काढलं!

"हो ना? हा खोटं बोलतोय."

"कशावरनं? सरळ तर काढलाय."

"म्हणूनच. त्याला जसं दिसायचंय तसंच आपण दाखवतोय. खोटं नेहमी नीट उजेडात असतं, दादा. पोलीस दोन्ही बाजूला, हत्यार मधे."

बोलून गेली आणि पुढच्या कामाला लागली. मला मात्र राग आला. बावीस वर्षं मी माणसं समोरून, मधोमध, नीट उजेडात काढतोय. म्हणजे काय मी खोटं काढतोय?

परिषद संपली, पत्रकार उठून गेले, तरी कॅमेरा चालूच. अधिकारी रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसलेला, मग रुमालानं मानेचा घाम पुसतो. दोन मिनिटं नुसतं तेवढंच. मी विचारलं, बंद करू का. म्हणाली, "माणसं गेल्यावर जे उरतं तेच खरं काढायचं असतं." हिला कुणीतरी सांगा की जेवण थंड होतंय. नान खलिया आणलं होतं, मटणाच्या रश्शावर तुपाचा थर धरला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहायचा की नाही, ठरेना. डॉक्टरांनी लिहायला सांगितलंय, लिहितो.

पिक्चरमध्ये जप्तीचा सीन आहे. आरोपी हत्यार काढून दाखवतो. मॅडमना कुणीतरी सांगितलं की राजूभाऊ खरे पंचनामे काढतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती. "दादा, खरं कसं असतं ते सांगा ना." मी रंगात आलो. कारभारीचा किस्सा सांगितला. विहिरीत वाकतो काय, बांधावर जातो काय, आणि "साहेब, कुठं?" म्हणतो काय. मी त्याची नक्कलच केली. सगळे हसून लोळले. लाइटवाला पोटाला धरून बसला.

मॅडम हसली नाही.

"तो पहिला टेक कुठंय?"

"आहे कार्डावर. पण खराब."

"फोकस गेला होता?"

"छे. फोकस बरोबर."

"उजेड?"

"सकाळचा. चांगला होता."

"आवाज?"

"स्वच्छ."

"मग खराब काय झालं, दादा?"

"माणूस चुकला ना!"

तिनं घास ताटात परत ठेवला. ताट तसंच हातात. मग म्हणाली, "त्याला माहीत नव्हतं."

"काय?"

"काही नाही. जेवा."

असं अर्धं बोलणाऱ्या माणसांचा मला फार वैताग येतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी सीनच बदलला. लेखकाला बाजूला घेतलं, तासभर कुजबुज. आणि आज माझा कारभारी काढला! नट जीपमधून उतरतो, विहिरीकडं जातो, वाकतो, परत येतो, म्हणतो, "साहेब, कुठं?" कॅमेरा लांब बाभळीमागं, एकच शॉट, मधे कुठंही न तोडता. फ्रेमच्या कडेला पोलिसाचा नुसता हात. तो हात गंजीकडं जातो. चेहरा नाहीच.

मी सरळ सांगितलं, "मॅडम, हे बरोबर नाही. मी विश्वासानं सांगितलं. हे बघून लोक म्हणतील पोलीस खोटे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! मी शूटिंगवाला आहे."

"मीही शूटिंगवालीच आहे, दादा."

उद्यापासून दुसरा माणूस बघा म्हणून सांगून आलो. तसंही शेवटचाच दिवस होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा दिवस कार्डाकडं पाहिलं नाही. आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं एकदा बघून टाकू, म्हणजे त्या बाईचं म्हणणं कसं चुकीचं आहे ते कळेल.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद. फोकस बरोबर आहे. विहीर, बांध, परत. "साहेब, कुठं?" त्यानंतर मी म्हणतो, हे खराब झालं, परत घेऊ. माझा आवाज एवढा मोठा लागलाय की लाज वाटली. मी कॅमेरा खाली घेतला, पण बंद केला नाही. त्यामुळं पुढचे काही सेकंद नुसती जमीन आणि पाय दिसतात. आणि जमादारांचा आवाज: "ती गंजी. उजव्या अंगाला. कळलं का?"

हे मी तेव्हा ऐकलं नव्हतं का? शेजारीच उभा होतो. ऐकलं असणार. पण लग्नात मी दिवसातून पन्नासदा असंच सांगतो, उजव्या हातानं घास भरवा, डावीकडं वळा, कळलं का. ते काय कुणी ऐकून लक्षात ठेवतं?

माणूस कॅमेऱ्यासमोर गोंधळतो, हेही खरं आहे. पाचोडच्या एका लग्नात नवरदेवाला उखाण्यात बायकोचं नाव आठवेना. कारभारीचं तसंच झालं असेल. खून करून टॉमी लपवलेला माणूस घाबरलेला असणारच. जागा विसरला असेल.

गंजी घराएवढी आहे. गंजी विसरतो का कुणी?

आज गोळी दोनदा घेतली.

१ मार्च, शनिवार

कारभारीची बायको आली. दगडाबाई. कुणीतरी सांगितलं म्हणे, टीव्ही सेंटरच्या फोटोवाल्यानं शूटिंग केलं. दुकान शोधत आली, एसटीनं, सकाळची उपाशी. द्वारका वरून खाली आली, चहा-पोळी दिली. बाई आधी खाईना.

"नाय ताई, आधी काम. मला ती फिल्म दाखवा."

मी म्हणालो, "बाई, ते पोलिसांचं असतं. आम्हाला दाखवता येत नाही."

"नवरा माझा, फिल्म पोलिसांची व्हय?"

"कायदा आहे."

"कायदा लई बघितला हो म्या दोन महिन्यांत. ठाण्यात गेलं की म्हणत्यात कोर्टात जा. कोर्टात गेलं की वकील म्हणतो, बाई, फिल्म हाय त्यात, त्यानं सोता काढून दिलं, आता काय बोलायचं. म्या म्हणलं, माझ्या नवऱ्याला घरात मिठाची बरणी सापडत नाय, त्यानं टॉमी कुठून काढून दिली?"

द्वारका हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. दगडाबाई पण हसली. मग म्हणाली, "मला नुसता बघायचाय. हर्सूलच्या जेलात भेटायला गेले तर जाळीतून धड दिसत बी नाय."

मी म्हणालो, "माझ्याकडं नाही. सगळं साहेबांना दिलं."

द्वारकेनं माझ्याकडं पाहिलं. कार्ड कुठल्या खणात आहे हे तिनंच मला सांगावं लागतं, इतकं तिला ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. बाई गेल्यावरही बोलली नाही. संध्याकाळी बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही मी विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. दोषारोपपत्र दाखल करायचंय, त्यासोबत माझं प्रमाणपत्र लागतं. छापील कागद तयार होता. 'सदर चित्रीकरण माझ्या कॅमेऱ्यातून केलेले असून ते संपूर्ण आहे व त्यात कोणताही बदल केलेला नाही.' खाली माझं नाव, सहीला जागा.

मी म्हणालो, "साहेब, संपूर्ण म्हणजे… त्यात आधीची अकरा मिनिटं नाहीत."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चहा मागवला. म्हणाले, "राजूभाऊ, लग्नात हार नीट पडला नाही तर तुम्ही परत घालायला लावता की नाही?"

"लावतो."

"सप्तपदीचा फोटो हुकला तर?"

"परत चालवतो चार पावलं."

"मग ते लग्न खोटं होतं का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि माणूस चांगला आहे. माझ्या भाच्याची गाडी चोरीला गेली तेव्हा दोन दिवसांत शोधून दिली. मी म्हणालो, चष्मा घरी राहिला, परवा येऊन सही करतो. चष्मा डोळ्यावरच होता. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "परवा नक्की."

घरी येऊन द्वारकेला तोच प्रश्न विचारला. तीन दिवसांनी आमच्यातलं पहिलं बोलणं. पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"परत हार घालताना नवरी बदलता का तुम्ही?"

"नाही."

"इथं जागा बदलली."

पीठ पालथ्या हातानं झटकलं आणि पुढची पोळी घेतली. मला तीन तास सुचलं नाही ते.

६ मार्च, गुरुवार

गेलो. सही केली. पण आधी पेननं 'संपूर्ण' खोडलं आणि खाली लिहिलं: चित्रीकरण दोन भागांत झाले. भाग पहिला, ११ मि. ४० से. भाग दुसरा, ३ मि. ५ से. पोलिसांना फक्त भाग दुसरा दिला. परत चित्रीकरण करण्याची सूचना माझी होती. दोन्ही भागांचं मूळ कार्ड माझ्याकडे आहे.

अक्षर अल्बमवर नावं लिहितो तसं सुबक आलं नाही.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला, फाडला सुद्धा नाही. म्हणाले, "ठीक आहे. तुमचं नको. जमादारांच्या मोबाईलवर आहे, तेच लावू. या तुम्ही."

संपलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, धमकी येईल. पंधरा दिवस जीव टांगणीला लावून घेतला, आणि माझी गरजच नाही म्हणे! जमादारांच्या मोबाईलवर तीनच मिनिटं आहेत. तेही समोरून, नीट उजेडात. जागा मीच लावून दिली होती त्यांना.

बाहेर रामकिसन जमादार गाडीपर्यंत आले. "राजूभाऊ, तुम्ही कामून पडता मधे? मॅनेजरचे नातेवाईक रोज मोर्चा आणू म्हणतेत, वरून दिवसाला चार फोन. आम्ही पण नोकरदार." मग म्हणाले, "मे महिन्यातल्या लग्नाचं… पोरीनं दुसरा कुणीतरी शूटिंगवाला बघितलाय म्हणती." तारीख त्यांनीच डिसेंबरमध्ये धरून ठेवली होती माझी.

७ मार्च, शुक्रवार

स्वरदा मॅडमना फोन केला. शूटिंग संपवून मुंबईला गेलीय. सांगितलं सगळं. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "कार्डाला आता हात लावू नका, दादा. लॉक करा, कॉपी वेगळी काढा."

म्हणालो, "तुमचं बरं आहे. तुमच्या पिक्चरमधला आरोपी संध्याकाळी मेकअप पुसून हॉटेलवर गेला. बघणारे म्हणतील, अरेरे, काय हा न्याय. आणि ताट पुढं ओढून जेवतील. माझा हर्सूलमध्ये बसलाय."

ती म्हणाली, "खरंय. माझा कॅमेरा नुसता प्रश्न विचारतो. उत्तर द्यायला साक्षीदार लागतो, आणि तो माझ्याकडं नाही." पुढं म्हणाली की खालच्या कोर्टात गरिबांना फुकट वकील देतात, आरोपीच्या वकिलाला गाठा, अर्ज तो करील.

एवढं सरळ बोलता येतं हिला, तर खांबामागं कशाला लपते कोण जाणे.

८ मार्च, शनिवार

द्वारका म्हणाली, आधी त्या बाईकडं चला, कोर्ट नंतर. मी म्हणालो सोमवारी कोर्टातच भेटेल. ती म्हणाली, "खोटं तिच्या तोंडावर बोललात ना? मग खरं पण तिथंच."

स्कूटरवर लॅपटॉप मांडीत घेऊन ही मागं. पिशोरच्या पुढं दोन खोल्यांचं घर. दगडाबाई अंगणात तूर झोडत होती. ओळखलं. काठी खाली ठेवली नाही.

मी म्हणालो, "बाई, माझ्याकडं आहे ती फिल्म. तेव्हाही होती."

तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. द्वारकेला विचारलं, "ताई, तुमाला म्हाईत व्हतं?" द्वारका म्हणाली, "होतं." तेव्हा मात्र बाईनं काठी फेकली. "दोन महिनं! दोन महिनं हा माणूस खणात घालून बसला माझ्या नवऱ्याला! चहा पाजला मला, चहा!"

आम्ही उभेच. शेवटी तिनंच बाज पुढं ओढली. लॅपटॉप बाजेवर ठेवला. उन्हात दिसेना, म्हणून द्वारकेनं पदर धरला.

मला वाटलं होतं, ती "साहेब, कुठं?" ऐकून बोलेल. त्यासाठीच मी घेऊन गेलो होतो. पण ते येईपर्यंत बराच वेळ जायचा होता, आणि पहिल्याच मिनिटाला, तो जीपमधून उतरून विहिरीकडं निघाला तेव्हाच, ती म्हणाली, "थांबवा."

थांबवलं.

"मागं घ्या. चालू द्या." मग पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. "टाच टेकवीना बघा."

"काय?"

"दोन्ही टाचा. काट्यावरून चालावं तसा चाललाय. माझा नवरा असा चालत नाय. पाच कोस चालून बैलबाजाराला जाणारा माणूस हाय त्यो." माझ्याकडं वळली. "तळव्यावर मारलंय त्याला. तुमी एवढे मागं मागं फिरलात, पाय नाय दिसले व्हय?"

मी ही फिल्म सात-आठ वेळा पाहिली आहे. फोकस पाहिला, उजेड पाहिला, जमादारांचा आवाज ऐकला. चांगली तीन मिनिटं तर किती वेळा पाहिली असतील, कापताना. त्यातही तो तसाच चालतो. आज पाहिलं. दोन्ही भागांत टाच जमिनीला लागत नाही. माझ्याच चांगल्या, नीट उजेडातल्या, मधोमध काढलेल्या टेकमध्ये.

तिला म्हणालो, "नाही दिसले."

"मंग काय बघता काय तुमी त्यातून?"

मी पुढं चालू केलं. अकरा मिनिटं तिनं पूर्ण बघितली. "साहेब, कुठं?" आलं तेव्हा नुसती मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. संपल्यावर पदरानं पडदा पुसला. धूळ बसली होती.

निघताना द्वारकेच्या हातात तुरीची पिशवी दिली. मला काही दिलं नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळपासून कोर्टात. कारभारीचा सरकारी वकील… म्हणजे सरकारनं फुकट दिलेला वकील, पोरगेलासा, एका वेळी चाळीस प्रकरणं काखेत. आधी ऐकेना. लॅपटॉप उघडून पाय दाखवले तेव्हा बसला. मग म्हणाला, "काका, हे दिलं की तुम्हाला साक्षीला यावं लागणार. उलटतपासणी होणार. परत घेऊ असं तुम्हीच म्हणालात, हे तुमच्याच आवाजात आहे. तुम्हालाच झोडपतील."

"माहीत आहे."

"पोलिसांचं काम पुन्हा मिळणार नाही."

"गेलं ते."

अर्ज लिहायला दोन तास. टायपिंगवाल्यानं माझं गाव दोनदा चुकवलं. एक झेरॉक्सचं मशीन बंद, दुसऱ्यासमोर रांग. तिथं कागद संपला. मग लाइट गेली. माझं डोकं इतकं तापलं की द्वारकेनं पर्समधून गोळी काढून हातावर ठेवली. दगडाबाई पायरीवर बसून होती, भाकरीचं गाठोडं मांडीवर, एकदाही चुळबूळ नाही.

तीन वाजता आत बोलावलं. नोंदीचा बाबू. मान वर न करता विचारत होता आणि लिहीत होता.

"चित्रीकरण कुणाचं आहे?"

"माझ्या नवऱ्याचं," दगडाबाई म्हणाली.

"तसं नाही बाई. काढलं कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"यात लिहिलंय दोन भाग आहेत. पोलिसांनी दिलेला वेगळा आणि हा वेगळा. त्यातला तुमचा कुठला?"

वकिलानं माझ्याकडं पाहिलं. द्वारका दारात होती. बाबूनं पेन टेकवून ठेवलं होतं.

म्हणालो, "दोन्ही."

त्यानं लिहून घेतलं.